बिनसाखरेचा चहा

दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारी माणसं आणि त्यांना लपवून ठेवणारं सरकार, अशी एक ब्रिटिश मालिका आम्ही दोघं संध्याकाळी बघत होतो. चार-सहा भागांतच ती संपली.

"बंद पाडली असणार," मी म्हणालो. माझा जन्म सरकारी कचेरीत गेला. काही अर्धवट थांबलं की मला आधी वरच्यांचा संशय येतो. लपवायचं असलं की सरकार काय, माणूस काय, चेहरा कोरा ठेवतो.

"तो कोरा चेहराच तर सगळं सांगतो," बायको म्हणाली आणि माझ्यापुढे चहा ठेवून आत गेली.

मी घोट घेतला. चहात साखर नव्हती. डॉक्टरांनी काल साखर बंद करायला सांगितलंय, हे मी घरात अजून कुणालाच सांगितलेलं नाही.