आईसाठी येरोण्या: बेसा ते कुही

टायफॉईडमधून उठून आईला महिना झाला, तरी तिची अन्नावरची वासना परतली नव्हती. दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. मी हौसेने ब्लूबेरीचा डबा आणला. एक तोंडात टाकून ती म्हणाली, "याच्यापरीस आमच्या कुहीच्या येरोण्या बऱ्या." महिन्याभरात तिने आपणहून खाण्याचं नाव काढलं ते हे पहिलंच! दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली.

येरोणी म्हणजे बांधावरचं रानटी, काटेरी झुडूप. फळ वाटाण्याएवढं, पिकलं की काळं कुळकुळीत, आंबटगोड. थंडीतच मिळतं. मला तरी ते नागपूरच्या इतवारी बाजारात कधी दिसलं नाही.

घरून, म्हणजे नागपूरच्या बेशाहून, कुहीला स्कूटरने सव्वा तास लागतो. रस्ता झकास, फक्त उमरेड रोडवर ट्रक फार. वाटेत पाचगावला तर्री-पोहे हाणले. तीस रुपये प्लेट, आणि तर्री परत मागितली तरी हसत वाढतात.

कुहीपुढच्या गावात मामी वाटच पाहत होती. धान कापून झालेलं. नाल्याकाठच्या बांधावर झुडूप लाल-काळ्या फळांनी लगडलं होतं. मामीने खाली जुनं लुगडं अंथरलं आणि काठीने फांदी हलकेच हलवली.

"पडल्या तेवढ्याच घ्याच्या. झाडाले धरून हायेत त्या राहू दे."

पडल्या ओंजळभर. तेवढ्यासाठी का मी इतक्या लांब आले? सरळ हात घातला. काटे आकड्यासारखे वाकडे. ओढणी अडकली, मी हिसका दिला आणि ती टर्रकन फाटली.

"काहून वढून राहिली वं? मागं सरक, आपोआप सुटते!"

सरकले, सुटली. पण ऐकेन तर मी कसली! लालसर असतील त्या घरी पिकतील, असं म्हणत डबा भरूनच निघाले. मामीने तिची ओंजळ वेगळ्या पुडीत बांधून दिली. (तुम्ही जाणार असाल तर जाड, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. ओढणी घरी ठेवा.)

दुपारी आईने माझ्या डब्यातली एक चावली आणि तोंड वाकडं केलं. गेली का हीही चव?

"लाल काहून तोडल्या वं? ह्या घरी पिकत नाहीत. मामीनं सांगतलं नाही तुले?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

मी मामीची पुडी पुढे केली. आईने मीठ मागितलं. एकेक येरोणी चोखत, बिया वाटीत टाकत तिने पुडी संपवली. तोवर माझा उद्धार चालूच होता, आणि मला तो फार गोड लागत होता.

ओढणी गेली, डबाभर फळं वाया गेली. तरी इतकी पैसे वसूल सहल मी आजवर केलेली नाही. लाल येरोण्या टाकायला उठले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"भाकर टाक वं एक. भूक लागली मले."