एबोच्या दोन आया

एबो बायडू माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तो भांडायलाच. खारा मासा नीट खारवलेला नाही, असं त्याचं म्हणणं. लंडनमधल्या पेकमच्या बाजारात इतकी वर्षं मी दुकान चालवते, पण माझ्या माशाला तोंडावर नावं ठेवणारा हाच पहिला. सेकोंडीचा निघाला, घानाच्या समुद्रावरचा, कोळ्यांच्या घरातला. मी तिथल्याच केप कोस्टची, म्हणजे दोघंही फांटी जमातीचे. आम्हाला ओळख काढायला वेळ लागत नाही आणि भांडायला तर त्याहून नाही. मी म्हटलं, एवढा जाणकार आहेस तर आईकडून मागवून घे. तो म्हणाला, "आंटी अराबा, आईनेच सांगितलंय, लंडनचा मासा खाऊ नकोस म्हणून." मग हसला आणि तोच मासा बांधून घेऊन गेला.

ही आई म्हणजे मामे एफुआ; मामे म्हणजे आमच्या बोलीत आईच. पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं, तेव्हा आधी तिचं सांगून टाकते. एबोला जन्म देणारी बाई, एकुआ तिचं नाव, तो रांगत होता तेव्हाच तापाने गेली. तिची थोरली बहीण एफुआ. तिने पोराला त्याच दिवशी पाठीशी बांधलं आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर नेहमीच्या जागी मासे भाजायला बसली. तिला स्वतःचं मूल झालं नाही. झालं असतं तरी काही फरक पडला नसता. आमच्यात मावशी हे नातंच नाही. आईची बहीण ती आई, थोरली असेल तर मोठी आई, इतकंच. फांटी बोलीत मावशीला शब्द शोधायला गेलात तर शोधतच राहाल. आणि जिने वाढवलं तिला "ही माझी आई नव्हे" म्हणणारा माणूस असेल, तर त्याला आम्ही दारात उभं करत नाही.

एबो लंडनला शिकायला म्हणून आला होता. ते कॉलेज बंद पडलं, व्हिसा संपला आणि तो राहून गेला. असे आमच्यात पुष्कळ. पहाटे ऑफिसांच्या इमारती साफ करायचा, पण कामावर जातानाही इस्त्रीचा शर्ट. मी चिडवायची, की झाडू तुला साहेब म्हणतो का रे? तो म्हणायचा, मामे एफुआ बघत असते. रविवारी चर्चमध्ये बेसूर गायचा आणि घरी येऊन तिला फोन करायचा. मुसळधार पाऊस असो, ताप असो, हा फोन कधी चुकला नाही.

त्यातल्याच एका इमारतीत वरच्या मजल्यांवर दुल्से काम करायची. मदेरा बेटावरची, पोर्तुगीज, तीही मासेमारांची लेक. उंचीने त्याच्या खांद्यापर्यंत आणि आवाजाने चर्चच्या कळसापर्यंत. दोघं माझ्या दुकानात एकाच दिवशी खारा मासा घ्यायला आले आणि तो किती वेळ भिजवायचा यावर त्यांची जुंपली. दुल्से म्हणाली, "तू मासा भिजवत नाहीस, तू त्याचा जीव घेतोस." एबो म्हणाला, तो आधीच मेलेला आहे. गिऱ्हाइकं खोळंबली तरी मी मध्ये पडले नाही, कारण पुढचं मला तेव्हाच दिसलं होतं. रजिस्टर लग्न झालं तेव्हा साक्षीदार म्हणून सही माझी. वाऱ्याने माझा विग उडाला आणि दुल्सेच्या भावाने रस्ता ओलांडून तो पकडून आणला. मामे एफुआने तिकडे किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांना जेवण घातलं.

तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होतं आणि कायदा सरळ होता. युरोपातल्या देशाचा नागरिक दुसऱ्या युरोपीय देशात काम करत असेल, तर त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला तिथे सोबत राहण्याचा हक्क. पोर्तुगीज दुल्से लंडनमध्ये कामाला होती, म्हणजे एबोला तिच्यासोबत राहायला कोणाची मेहेरबानी नको होती. फक्त लग्न खरं हवं. पण ज्याचा व्हिसा संपलाय त्याचं लग्न खरं असतं यावर इमिग्रेशनवाल्यांचा विश्वास सहसा बसत नाही. दोघांना मुलाखतीला बोलावलं. दोन खोल्या, दोन साहेब, प्रश्न तेच.

दोघांनी काही पढवून ठेवलं नव्हतं. पलंगावर भिंतीकडे कोण झोपतं, पडद्यांचा रंग कुठला, काल काय शिजवलं, सगळं जुळलं. मग नवऱ्याच्या आईबद्दल विचारलं.

एबोने सांगितलं की आई देवाच्या कृपेने ठणठणीत आहे, नाव एफुआ, राहते सेकोंडीत. यात त्याला विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. कुठल्याही फांटी माणसाने हेच सांगितलं असतं. जिवंत आईला मेली म्हणायला त्याची जीभ झडली असती.

दुल्सेने सांगितलं की नवऱ्याची आई त्याच्या लहानपणीच तापाने गेली, नाव एकुआ.

हे तिला कसं ठाऊक? एबोने हे उभ्या लंडनमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. दुल्सेची आई मदेराला वारली आणि तिला तिकडे जाता आलं नाही, त्या दिवशी ती जमिनीवर बसून राहिली होती. तिच्याजवळ बसून त्याने एकुआचं नाव घेतलं. मलाही एक अशी आहे, तिचा चेहरा मला आठवत नाही, म्हणाला. तेव्हापासून दुल्से चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावायची, एक स्वतःच्या आईसाठी, एक एकुआसाठी. मामे एफुआशी ती फोनवर मोडकंतोडकं फांटी बोलायची, तिला आई म्हणायची. पण सरकारी माणसाने विचारलं तेव्हा तिला वाटलं की जन्मदात्रीच सांगायची असते. नवऱ्याच्या पोटातलं जे कोणाला माहीत नाही ते तिला माहीत होतं. लग्न खरं असल्याचा याहून मोठा पुरावा काय असतो, हे मला अजून कोणी सांगावं. तोच पुरावा त्यांच्या गळ्याशी आला. ज्या बायकोला सासू जिवंत की मेली हे ठाऊक नाही, ती कसली बायको, असं ठरलं. लग्न बनावट. एबोने देश सोडावा.

अपील केलं. वकीलबाई मिस हॉलिस तरुण होती, मनाने चांगली, पण पाठ सरळ करून बोलणारी. तिला सगळं समजावल्यावर तिने सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाली, मग सोपं आहे, एफुआ ही मावशी आहे एवढं कोर्टात स्पष्ट सांगायचं. वाटलं तर एफुआलाच फोनवर साक्षीला घेऊ, ती सांगेल की मी आई नाही.

एबो खुर्चीवरून उठलाच. "तिच्या तोंडून ते वदवू नका. मला काय विचारायचं ते विचारा."

मी वकीलबाईला म्हटलं, आमच्याकडे आईच्या बहिणीला आईच म्हणतात, हेच कोर्टाला सांगा ना. ती म्हणाली, सांगेन, पण न्यायाधीशाला साधं उत्तर लागतं. रीतिरिवाज सांगत बसलं की ती पळवाट वाटते. मला राग आला. आपलं ते साधं आणि दुसऱ्याचं ते रिवाज. पण वकील ती होती, मी मासे विकणारी. दुल्से रोज रात्री त्याच्यामागे लागायची की एकदाच बोल, एक शब्द आहे, त्या म्हातारीला कळणारही नाही. शेवटी एके दिवशी एबो दुकानात येऊन मला म्हणाला, "आंटी, इंग्रजीत बोललं तर ते धरलं जाणार नाही, हो ना?"

मी म्हटलं, देव सगळ्या भाषा समजतो, पण तो समजूतदारही आहे.

सुनावणीला चर्चची माणसं धीर द्यायला आली होती. मागच्या बाकांवर आम्ही ओळीने बसलो, सगळ्यांत पुढे सिस्टर कम्फर्ट आपली भलीमोठी टोपी घालून. एबोच्या शर्टाची इस्त्री त्या दिवशी अशी कडक होती की बघवत नव्हतं. सरकारी बाजूचा माणूस आवाज चढवत नव्हता. त्याने विचारलं, मुलाखतीत तुम्ही आई जिवंत आहे म्हणालात, आज काय म्हणता? एबोने सांगितलं की जन्म देणारी गेली आणि जिने वाढवलं ती आहे. मग ती कोण? एबो म्हणाला, "आमच्याकडे तिलाही..." आणि थांबला. वकीलबाईने मान खाली घातली.

"साधा प्रश्न आहे, मिस्टर बायडू. एफुआ ही बाई तुमची आई आहे की नाही?"

एबोने दुल्सेकडे पाहिलं. ती ओठ चावत होती. मग त्याने समोर पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "मावशी आहे. आई नाही."

कोर्टात काही झालं नाही. कोणीतरी लिहून घेतलं, पुढचा प्रश्न झाला. पण आमच्या बाकांवर सिस्टर कम्फर्टने टोपी काढून मांडीवर ठेवली. एबो असा मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. बाहेर आल्यावर दुल्सेने त्याचा हात धरला. तो म्हणाला, झालं ना तुमचं काम? तुमचं, असं म्हणाला तिला. ती तशीच हात धरून चालत राहिली.

निकाल आला तो असा की अर्जदाराने विसंगती उघडी पडल्यावर आपली हकीगत बदलली, त्यामुळे त्याच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवता येत नाही. जो शब्द उच्चारायचा नव्हता तो उच्चारला आणि त्या शब्दापायीच हरला. मी देवाला मानते. पण त्या आठवड्यात मी चर्चला गेले नाही, आणि का गेले नाही ते पास्टरला सांगितलंही.

मग इमिग्रेशनच्या ऑफिसातली हजेरी सुरू झाली. ठरलेल्या दिवशी जाऊन सही करून यायची, म्हणजे पळून गेला नाही हे त्यांना कळतं. दर वेळी दुल्से सोबत जाऊन बाहेर उभी राहायची. एका दुपारी तो आत गेला आणि बाहेर आला नाही. संध्याकाळपर्यंत ती फुटपाथवरून हलली नाही. मी गेले तेव्हा तिच्या हातात त्याची छत्री होती, पावसाचं चिन्ह नसताना. आत नेऊ देत नाहीत म्हणून तो तिच्याकडे देऊन गेला होता. काचेच्या दारामागच्या माणसाने मला घरी जायला सांगितलं, वकील कळवेल म्हणाला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वकीलबाईने आणखी धडपड केली, पण काही दिवसांतच त्याला विमानात बसवलं, दोन्ही बाजूंना दोन माणसं. दुल्सेचे वडील मदेराला अंथरुणाला खिळलेले, त्यांचं औषधपाणी तिच्या लंडनच्या कमाईवर. ती उठून सेकोंडीला राहायला जाऊ शकत नव्हती. मग तिने त्याला मदेरालाच न्यायचं ठरवलं. तिथला व्हिसा मागितला तर उत्तर मिळालं की हे लग्न बनावट असल्याचं लंडनच्या कोर्टाने आधीच ठरवलंय. एका खोलीतल्या एका प्रश्नाने सगळ्या युरोपची दारं लागली. आता ती एकटीच येते माझ्याकडे. मासा घेते, भिजवण्यावरून वाद घालायला कोणी नाही, तरी थोडा वेळ उभी राहते. मी वजनात जास्त मासा टाकते आणि ती तो परत काढून ठेवते.

एबोचं पुढचं मला त्यानेच फोनवर सांगितलं. अक्राहून बसने तो सेकोंडीला पोचला, हातात एक पिशवी. वाटभर एकच विचार, की काही झालं तरी मामे एफुआ आहे. ती चूल सोडून धावत येईल, रडेल, थोबाडीत मारील, पाठ थोपटेल. किनाऱ्यावर धूर दिसला. ती मासे भाजत बसली होती.

पण कोर्टातली गोष्ट त्याच्या कितीतरी आधी तिथे पोचली होती. कोणी पोचवली ते मला माहीत आहे. सिस्टर कम्फर्टची बहीण सेकोंडीतच असते. कम्फर्टने काही वाईट हेतूने सांगितलं नसेल, केवळ पोटात राहिलं नसेल. पण माझ्या दुकानाची पायरी ती आता चढत नाही आणि मी तिला बोलावत नाही.

म्हातारी उठली. धुरातून तिने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणापासून ती त्याला एकाच हाकेने बोलवायची, माझ्या लेका. आणि मी मघाशी म्हटलं तसं, आमच्या बोलीत बहिणीच्या मुलाला ती दुसरं काही म्हणूच शकत नाही, तसा शब्दच नाही. तिने तो जुळवून केला.

"आलास?" ती म्हणाली. "ये. माझ्या बहिणीच्या मुला, बस."

मग तिने त्याला मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी वाढली, मासा वाढला, आंघोळीला पाणी दिलं, आतली चांगली खोली दिली. काही कमी केलं नाही. त्याने पाय धरले, समजावलं, की तिकडच्या लोकांसाठी बोललो, इंग्रजीत बोललो. ती म्हणाली, ठीक आहे, कोर्टात खोटं बोलायचं नसतं.

पकडून नेलं, दोन माणसांनी विमानात बसवलं, बायको दुरावली, हे सगळं एबोने मला सरळ आवाजात सांगितलं होतं. पण तिची ही नवी हाक सांगताना तो अडखळला. मी फोन कानाशी धरून उभी होते आणि गिऱ्हाईक मासा केवढ्याला म्हणून विचारत होतं. तिकडे तो मोठ्या माणसासारखा नाही, पोरासारखा रडत होता, आणि मागून मामे एफुआचा आवाज मला ऐकू आला. पाहुण्याला विचारतात तसं ती विचारत होती, जेवण नीट झालं का.