मागाकडची खिडकी

मंगळवारी सकाळी आप्पा गेले. त्या दिवशी माग बंद होता.

वडगावातल्या आमच्या घरी वडिलांचा यंत्रमाग दिवसभर चाले आणि त्याच्या खडखडाटात शब्द पोचत नसत, म्हणून मागाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक खिडकी होती. आई तिच्यातून चहाचा पेला वर धरी; आप्पा बोट आडवं धरत, म्हणजे अर्धाच. उतरत्या उन्हात सुताची लव तरंगत असे, खळीचा आणि वंगणाचा एकजीव झालेला वास येई, आणि त्या दोघांचा संसार त्या चौकटीतून, न बोलता, इकडून तिकडे जात राही.

खडेबाजारातल्या एका कचेरीत मी संगणकावर घरांचे नकाशे दुरुस्त करते. लोकांची मनं बदलतात, त्याप्रमाणे भिंती सरकवायच्या, दारं फिरवायची. जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा आमचाही नकाशा मीच काढला होता. आप्पांनी त्यात एवढंच मागितलं होतं, की खिडकी तेवढी राहू दे.

आता माग विकला होता आणि त्याच्या जागी गाड्या लावायच्या होत्या. पडद्यावर मी माग निवडला आणि पुसला. रेघा गेल्या, पण त्याची मापं तशीच राहिली; कशालाच न धरता, मोकळ्या जागेत लांबी-रुंदी सांगत. मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले.

थोरला भाऊ खुर्चीमागे उभा होता. "ती खिडकी बी काढ गं," तो म्हणाला. "पेट्रोलचा वास सगळा सैपाकघरात येणार."

"येऊ दे की, अण्णा."

"गाडी काय च्या मागणार हाय व्हय?"

मला हसू आलं, त्यालाही आलं.

मी खिडकी पुसली. भिंतीच्या तुटलेल्या रेघा जोडल्या. नकाशा नीटस दिसू लागला, इतका नीटस, की त्या भिंतीपलीकडे कधी कुणी कुणाची वाट पाहिली असेल असं वाटेना. पडद्यावर केलेलं परत फिरवता येतं. मी फिरवलं; खिडकी परत आली. छपाईची कळ अण्णानंच दाबली.

नवं घर आता उभं आहे. संध्याकाळी मी स्कूटर आत लावते, खिडकीत आईचा पेला वर होतो, मी बोट आडवं धरते. खडखडाट नाही. तरी आम्ही दोघी बोलत नाही.