मर्लबाईंची जाड तार

‘आता तुझ्याच्यानं होणार नाही’ असं कुणी म्हटलं, की मर्लबाईंचं डोकं फिरायचं. आणि म्हणणारा पोटचा पोर असला तर विचारूच नका.

नवरा गेल्यावर, एकाहत्तराव्या वर्षी, बाई एकट्याच गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, जोडून पर्थकडे निघाल्या होत्या. कॅरॅव्हॅनच्या फ्रीजमध्ये त्यांचं इन्सुलिन. गाडी चालली की इंजिनावर मागची बॅटरी भरायची आणि रात्रभर फ्रीज चालायचा, असा हिशेब. पण दिवसभर गाडी हाकूनही संध्याकाळी बॅटरी मान टाकायची. सेडूना गावापर्यंत बर्फाच्या पिशव्यांवर निभावलं. पुढे सगळा ओसाड माळ.

ॲडलेडहून गार्थ, म्हणजे मुलगा, फोनवर म्हणाला, “उद्या फ्रीज बंद पडला तर मी तुला न्यायला येतोय. कॅरॅव्हॅन विकायची. बास.”

पाच वाजता सेडूनाच्या कॅरॅव्हॅन-तळावर नेहमीसारख्या खुर्च्या गोल मांडल्या गेल्या, बियरचे डबे उघडले, आणि पुरुषांना अक्कल फुटली.

“बॅटरी म्हातारी झालीय, मर्ल,” शेजारच्या कॅरॅव्हॅनमधला रेज म्हणाला.

“तुझ्या कवळीपेक्षा नवीन आहे.”

सकाळी बाईंनी नवऱ्याचा मीटर काढला आणि इंजिन चालू केलं. पुढच्या बॅटरीवर सव्वाचौदा व्होल्ट, मागे जेमतेम बारा. म्हणजे वीज वाटेतच गळत होती. खडीवर पाठ टेकून त्या गाडीखाली सरकल्या. बघतात तर काय, टेबलावरच्या दिव्याला असते तसली बारीक तार! नाताळात गार्थनंच बसवली होती, वर ‘तू यात पडू नकोस’ म्हणून. बाईंना हसूही आलं आणि संतापही.

गावातल्या दुकानदारानं विचारलं, “मिस्टर कुठायत?”

“जमिनीखाली. बोटाएवढी जाड तार दे, आणि दोन फ्यूज.”

रेज मदतीला आला. “टॉर्च धर आणि गप्प राहा,” बाई म्हणाल्या. दुपारपर्यंत तार बसली, दोन्ही टोकांना फ्यूज लागले, गुडघे सोलवटले. मागे मीटरनं पावणेचौदा दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तीनशे किलोमीटर गाडी मारली. तिसऱ्या दिवशी सकाळी गार्थचा फोन आला.

“फ्रीज?”

“चार अंशावर आहे. रात्रभर चालला, आत्ताही चालतोय.”

“कुणी दुरुस्त केलं?”

“मी. जाड तार टाकली.”

गार्थ म्हणाला, “आणि मी बसवलेली तार?”

“दोन खांबांना बांधलीय. माझे मोजे वाळतायत तिच्यावर. तेवढं जमतं तिला.”