शोकेसमधला आरसा

जेद्द्याच्या बलद या जुन्या बाजारपेठेत मी भेटवस्तूंच्या दुकानात नोकरी करतो. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत तिथला एक तुर्की आरसा आणि कंगवा बायकोसाठी रत्नागिरीला नेला होता. आरशाच्या चिनीमातीच्या पाठीवर हाताने रंगवलेली निळी ट्युलिपची फुलं, कंगव्याच्या मुठीवरही तीच. तिने सेट प्लास्टिकच्या वेष्टनासकट शोकेसमध्ये ठेवला. आमच्याकडे सौदीहून आलेली वस्तू वापरत नाहीत, पाहुण्यांना दाखवतात.

“तुम्ही कायमचे आलात की वापरीन,” ती म्हणायची.

दर सुट्टीत तो प्लास्टिकमध्येच दिसायचा आणि माझं डोकं फिरायचं. यंदा मीच प्लास्टिक टराटरा फाडलं आणि कंगवा तिच्या हातात कोंबला. तिने डोक्यावरची ओढणी मागे सारली. केस पांढरे, विरळ. वेणी बोटभर उरलेली.

“आता काय विंचरू?” एवढंच म्हणाली आणि आरसा पुसून पुन्हा शोकेसमध्ये ठेवला.

काल दुकानात नुकतंच लग्न झालेल्या एका ड्रायव्हरने बायकोसाठी तोच सेट घेतला. घरी पोचल्या पोचल्या हे प्लास्टिक फाडून टाक, असं त्याला सांगणार होतो.

“नीट बांधा हं, चाचा,” तो म्हणाला.

मी वरून आणखी एक प्लास्टिक गुंडाळलं.