गुलाबरावांचा एकच कागद

गुलाबराव गेल्याची बातमी त्यांच्या मुलीनं, कमलनं आणली. तेरवीच्या पत्राचा मजकूर हातात घेऊनच. अक्षर गुलाबरावांचं. स्वतःच्या तेरवीचं पत्रसुद्धा या माणसानं आधीच लिहून ठेवलं होतं... आणि तेही खुणांचं! तशातही माझ्या कपाळाला आठी पडली.

अकोल्यात माझा लहानसा छापखाना. गुलाबराव शेतकी खात्यात. गावोगावच्या शेतकऱ्यांसाठी पत्रकं काढायचे. दुसऱ्या कुणी गावागणिक वेगळा कागद लिहिला असता. यांचा एकच! मेळाव्याच्या जागेसाठी गोल, कसं यायचं तिथं त्रिकोण, आणि माथ्यावर यादी : कोणत्या गावाला कोणत्या खुणेचा अर्थ काय. संत्र्याचा परिच्छेद मोर्शीला ठेवायचा, बाकीच्यांना गाळायचा. आधी खुणा उलगडा, मग छपाईचे खिळे जुळवा. डोकं उठायचं.

"गुलाबराव, सरळ लिहाले काय होते तुमाले?"

"अन् एक ओळ बदलली तं दहा कागद कोन दुरुस्त करन? तू?"

एकदा पेरणीच्या तोंडावर धारणीच्या यादीत ते त्रिकोण भरायलाच विसरले. मी चिडलेलोच होतो, विचारलं नाही. मोर्शीच्या पत्रकाची जुळवलेली ओळ तशीच राहू दिली : 'सकाळच्या बसने यावे.' धारणीच्या त्या गावांना सकाळची बस कुठली? मेळाव्यात मिळणाऱ्या बियाण्यासाठी निघालेली माणसं दिवसभर रस्त्याच्या कडेला बसून परत गेली. शेवटी गुलाबराव स्वतः जीपमध्ये पोती घालून गेले. साहेबांना म्हणाले, "चूक माही हाय." माझं नावही काढलं नाही. मला त्याचाही राग आला; निदान चार शिव्या तरी द्यायच्या! तेव्हापासून रिकामी खूण दिसली की काम थांबवून त्यांच्या घरी विचारायला जायचं, असा मी नेमच केला.

आता त्यांना जाऊन महिना झाला. नवे साहेब प्रत्येक गावाला वेगळा कागद धाडतात. एक ओळ बदलली की दहाही मीच दुरुस्त करतो आणि गुलाबरावांच्या नावानं बोटं मोडतो. जायची काय घाई होती?

त्या दिवशी कमलनं आणलेल्या कागदावर त्रिकोणाची यादी पूर्ण भरलेली होती. धारणी सगळ्यांत वर : 'धारणीकरांनी येऊ नये. बस नाही. मी येऊन गेलो असे समजावे.' या कागदात गोल म्हणजे तेरवीची तारीख. ती तेवढी रिकामी.

मी सवयीनं चपला घातल्या.

"कुठी चालले, काका?" कमलनं विचारलं.

"गुलाबरावले विचाराले," म्हणालो... आणि दारातच थांबलो.