ताईच्या कानाखालची गाठ

माझी मोठी बहीण दादरच्या शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही तिने. आई गेल्यावर लालबागच्या चाळीत आईच्या खोलीत ती एकटीच राहायची, तिच्यापासून दोन दारं सोडून मी. तिचं तोंड सतत कोरडं असायचं, पोळीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरायचा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं.

तपासण्या झाल्या. आजाराचं नाव शोग्रेन्स. शरीराची राखण करणारी यंत्रणाच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"घाबरू नका, बहुतेकांचं आयुष्य नीट जातं," त्या म्हणाल्या. "पण या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. गालाशी, गळ्याशी गाठ आली आणि गेली नाही, तर लगेच या."

मी शेजारीच बसले होते. सगळं ऐकलं होतं.

चार वर्षांनी माझ्या मुलाचं लग्न ठरलं. त्याच धावपळीत एकदा ताईच्या उजव्या कानाखाली मला सूज दिसली.

"दाढ असेल गं," ती म्हणाली.

"डॉक्टरांकडे जाऊया का?"

"लग्न होऊ दे. मग जाऊ."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. हॉल, केळवणं, पाहुणे. दीड महिना गेला. लग्नाच्या फोटोंत ताईने सगळीकडे डावा गाल पुढे केलाय.

परळच्या हॉस्पिटलात गाठीचा तुकडा काढून तपासला. लिम्फोमाच निघाला, आणि तो वेगाने वाढणारा होता. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी बाकावर बसून रडले. ताईचे डोळे नुसते लाल झाले, पाणी आलं नाही. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला. "लग्न छान झालं ना," म्हणाली.

तिसऱ्या केमोनंतर ताप आला, जंतुसंसर्ग झाला, आणि पाचव्या दिवशी ती गेली.

नंतर मी डॉक्टरीणबाईंना एकटीच भेटले. "दीड महिना आधी आणलं असतं तर?"

"फरक पडला असता की नाही, सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

ताईने मला एकदाही बोल लावला नाही. तिच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. सून विचारते, खोली कधी आवरायची? मी म्हणते, बघू.